रिसीव्हर घ्यायचाय: आवाज बघू की सोयी?

चौथा रिमोट

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

घरातला रिसीव्हर (टीव्ही, कन्सोल सगळ्यांचा आवाज स्पीकरना पुरवणारा डबा, आवाज वाढवणारा ॲम्प त्याच्या आतच) बारा वर्षांनी गेला. तसा आवाज अजून ठणठणीत आहे, पण एचडीएमआयचा बोर्ड मेला. आधी सिनेमाच्या मध्येच एक-दोन सेकंद पडदा काळा व्हायचा. मग मिनिटभर व्हायला लागला. मग एके दिवशी परत उजळलाच नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून फुंकर मारली, हळहळला आणि म्हणाला, हा बोर्ड आता मिळायचा नाही, गाणी ऐकायला ठेवा.

सामान असं: समोर दोन उभे स्पीकर (८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटी, कागदावर ८ ओहम), सेंटर, मागे दोन छोटे आणि १० इंची सब (खर्जाचा स्पीकर). खोली ५ बाय ४ मीटर. स्पीकरपासून सोफा ३ मीटरवर, सोफ्याची पाठ भिंतीला टेकलेली. निम्मा वेळ सिनेमे आणि मालिका, निम्मा वेळ गाणी. मुलगा गेम खेळतो.

दोन यंत्रांवर येऊन अडकलोय, किंमत जवळपास सारखीच. 'अ' सात चॅनलचा (म्हणजे सात स्पीकर चालवणारा), कागदावर ११० वॅट, चांगला जडशीळ. कंपनीचं नाव संगीतवाल्यांत मोठं. पण एचडीएमआय मागच्या पिढीचं आणि रूम करेक्शन (मायक्रोफोनने खोली मोजून आवाज दुरुस्त करणं) अगदी प्राथमिक. 'ब' नऊ चॅनलचा, ८० वॅट, एचडीएमआय २.१, वरच्या दर्जाचं रूम करेक्शन, सगळ्या चॅनलचे प्री-आउट, ॲप, असं बरंच काही. विक्रेता म्हणतो, "आवाज हवा असेल तर 'अ', खेळणी हवी असतील तर 'ब'." हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. खरंच असं निवडावं लागतं का?

जुना कॅसेटवाला

डोळे मिटून 'अ'. माझा साधा नियम: दोन्ही यंत्रं उचलून बघायची आणि ज्याने कंबर धरली ते घ्यायचं. वजन कशाचं असतं? ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचं. म्हणजे वीजपुरवठ्याचं. आवाज तिथून येतो, मेनूतून नाही.

आणि सोयी चार वर्षांत शिळ्या होतात. तुमचंच बघा ना, गेलं काय तर एचडीएमआय. ॲम्प अजून जिवंत! माझ्याकडचा स्टिरिओ ॲम्प पंचवीस वर्षांचा आहे. त्याला ॲप नाही, त्यामुळे त्याला अपडेटही लागत नाही.

सोल्डरवाला

कॅसेटवाले काकांचं वजनावरचं प्रेम जुनं आहे, आणि नेहमीच्या क्लास एबी प्रकारच्या ॲम्पपुरतं त्यात तथ्यही आहे. (कमी तापणाऱ्या क्लास डी प्रकाराला ते लागू नाही. ते हलकेच असतात.) पण आधी वॅटचं बघू. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

कॅटलॉगातल्या आकड्यापुढची बारीक अक्षरं वाचा. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनल चालू" असं असेल तर आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक. "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनल" असं असेल तर तेच यंत्र फुगवून दाखवलंय. १० टक्के विकृतीला आवाज चक्क फाटलेला असतो. हा रोग इतका जुना आहे की अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली घरगुती ॲम्पच्या वॅटसाठी वेगळा नियम काढावा लागला.

समजा तुमचे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. मग ८० आणि ११० मध्ये फरक किती? सुमारे १.४ डेसिबल. व्हॉल्यूमचं बटण दोन-तीन टिचक्या फिरवलं की संपला. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

आता तुमच्या खोलीचं गणित. स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतो. उघड्या मैदानात ३ मीटरवर त्यातले साडेनऊ गळतील, पण खोलीत भिंती आवाज परत फेकतात म्हणून गळती कमी. धरा ८० डेसिबल, तेही एका वॅटला, एकाच स्पीकरमधून. समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाज ६०-६५ असतो. म्हणजे रोजच्या ऐकण्यात तुमचा ॲम्प सरासरी एक वॅटसुद्धा देत नसतो. उरलेले वॅट असतात ते दार धाडकन आपटतं, ड्रमवर ठोका पडतो त्या क्षणांसाठी.

सिनेमावाल्यांच्या संदर्भ पातळीवर, म्हणजे एका चॅनलला १०५ डेसिबलच्या शिखरापर्यंत ऐकायचं म्हणाल तर तुमच्या सोफ्यावर तीनशेहून जास्त वॅट लागतील. तिथे 'अ'ही लंगडा आणि 'ब'ही लंगडा. पण घरात त्याच्या १५-२० डेसिबल खालीच ऐकलं जातं, आणि १५ खाली आलात की त्याच शिखराला १० वॅट पुरतात. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचा, सगळ्यात जास्त ताकद खाणारा भाग सबकडे जातो. त्याचा ॲम्प त्याच्या पोटातच असतो.

एकच गोष्ट बघा: स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी काही स्पीकर मधल्या पट्ट्यात चारच्याही खाली उतरतात. तुमचे तसे असतील आणि तुम्ही जोरात ऐकत असाल तर वजनदार यंत्राचा फायदा खरा. आणि मेनूत '४ ओहम' असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. बहुतेक रिसीव्हरांत तो आतला व्होल्टेज कमी करून यंत्र थंड ठेवतो. म्हणजे ज्या स्पीकरला जास्त हवं त्यालाच कमी मिळतं.

जुना कॅसेटवाला

सोल्डरवाले, गणित पटलं. पण मग यंत्राच्या मागची पाटी वाचा की! वर छापतात नऊ गुणिले ८०, म्हणजे ७२० वॅट. मागच्या पाटीवर विजेचा वापर ५०० च्या आसपास. ७२० बाहेर काढायला ५०० आत घेणारं यंत्र मलाही हवंय, विजेचं बिल वाचेल.

सोल्डरवाला

हाहा. पाटीवरचा आकडा बहुधा एक-अष्टमांश ताकदीवर मोजलेला असतो. प्रमाणपत्रासाठी तशी पद्धत आहे, कारण खरं संगीत सरासरी तेवढंच खातं. म्हणून त्यावरून कमाल ताकद काढता येत नाही. पण तुमचा मूळ मुद्दा बरोबर: नऊच्या नऊ चॅनल एकदम ८० वॅट देणार नाहीत. आणि असा एकही सिनेमा नाही जो ते मागेल.

उलट तुम्हालाच एक विचारतो. तुमच्या पंचवीस वर्षांच्या ॲम्पचा आवाज रिसीव्हरपेक्षा चांगला, हे तुम्ही कसं ठरवलंत? दोघांचा आवाज मोजून सारखा केला होता का? कान नाही हो, मल्टीमीटर. १ किलोहर्ट्झचा सूर लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर एकाला २.८३ व्होल्ट आणायचे आणि दुसऱ्याला त्याच्या ०.०३ च्या आत बसवायचं. तेवढा ०.१ डेसिबल होतो. त्याहून जास्त फरक राहिला की जो किंचित मोठा वाजतोय तोच 'मोकळा', 'खोल', 'उबदार' वाटतो आणि आपल्याला तो मोठा आहे हे कळतही नाही. 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये असा प्रयोग छापला होता. न बघता ऐकणाऱ्यांना स्वस्त आणि महागडे ॲम्प खात्रीने वेगळे ओळखता आले नव्हते.

जुना कॅसेटवाला

मल्टीमीटर आहे घरात. भाचा येईल तेव्हा करून बघतो. तोवर माझं मत कायम.

रात्रीची शिफ्ट

मी अगदी वेगळ्या बाजूने सांगते. मला वॅटमधलं काही कळत नाही, पण सिनेमे रात्री अकरानंतर बघते. बाळ शेजारच्या खोलीत झोपलेलं. आधी काय व्हायचं? संवाद ऐकू येईना म्हणून आवाज वाढवायचा, मग गाडी उडाली की धडपडत रिमोट शोधायचा. दोन तासांत चाळीस वेळा. त्या रिसीव्हरची संगीतवाल्यांत फार वाहवा होती हो, पण माझ्यासाठी त्याचा 'आवाज' म्हणजे वर-खाली, वर-खाली.

आताच्या यंत्रात डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) दाबायची सोय आहे, सेंटर चॅनल चटकन ३ डेसिबल वर घेता येतो, आणि व्हॉल्यूम कमी केला की खर्ज आणि मागचे स्पीकर आपोआप थोडे वर येतात. (कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्याची भरपाई.) आता मी हळू आवाजात सगळं ऐकते. ही खेळणी आहेत की आवाज, मला सांगा.

विक्रेत्याने तुम्हाला जी फोड करून दिली ना, तिथेच घोळ आहे.

खर्जातला सा

रात्रीची शिफ्ट यांच्या शेवटच्या वाक्याला माझे दोन हात वर.

चौथा रिमोट, तुमची खोली ५ मीटर लांब आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागा: ३४ हर्ट्झ. ४ मीटरच्या बाजूने ४३ हर्ट्झ. ह्या दोन सुरांना तुमची खोली स्वतःच गुणगुणते. आणि तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे, म्हणजे ती गुणगुण जिथे सगळ्यात जोरात असते नेमके तिथे तुम्ही बसता. १०-१२ डेसिबलचा उंचवटा सहज निघेल, आणि शेजारीच तेवढाच खड्डा. वर सोल्डरवाल्यांनी दोन ॲम्पमध्ये १.४ डेसिबल काढून दाखवले. आता सांगा, आधी कोणाला धरायचं?

फ्लॉइड टूल यांचं सगळं आयुष्य ह्यात गेलं, आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, मग हरमनमध्ये. पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवायचे आणि मोजमापाशी ताडून बघायचे. सार असं की आवाजाचा बरेवाईटपणा मुख्यतः स्पीकर ठरवतो, आणि दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली खोली. ॲम्पने आपलं काम नीट केलं की तो त्या भांडणातून बाहेर पडतो.

म्हणून रूम करेक्शन ही माझ्या लेखी सोय नाही, आवाजाचाच भाग आहे. पण सगळी सारखी नसतात, तिथे बघून घ्या. डेनॉन आणि मरँट्झमध्ये ऑडिसी असतं, त्याच्या पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीला खर्जातली फिल्टरं (आवाज दुरुस्त करणाऱ्या चाळण्या) कितीतरी बारीक असतात. यामाहाचं वायपाओ, अँथमचं स्वतःचं एआरसी. डिरॅक काही यंत्रांत आत येतं, काहींत वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. नाव काहीही असो, विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: सबवर फिल्टर लागतं का, आणि सुधारणा ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वर थांबवता येते का? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगल्या स्पीकरचा वरचा भाग यंत्राने 'सुधारला' की तो बऱ्याचदा मळकट होतो. मी ४०० हर्ट्झच्या वर हातच लावू देत नाही.

मायक्रोफोनबद्दल एक पोटतिडकीची सूचना. तो सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, हातात तर अजिबात धरू नका. कॅमेऱ्याच्या तिपाईवर, कानाच्या उंचीला, पाठीपासून वीतभर पुढे. पहिलं मोजमाप जिथे तुमचं डोकं असतं तिथलं. पंखा बंद. खोलीतून सगळे बाहेर, तुम्हीसुद्धा शक्यतो कोपऱ्यात. ते यंत्र 'व्हूप, व्हूप' करत एकेका स्पीकरमधून सूर सोडतं, तेव्हा आमच्याकडे कोणीतरी हमखास दार उघडून "काय चाललंय?" विचारतं. मग परत पहिल्यापासून.

आणि सोफा अर्धा मीटर पुढे ओढा. फुकट आहे.

रिकामा स्टँड

+१ सोफ्याला. आमच्याकडे मात्र सोफा जिथे आहे तिथेच राहील असा निर्णय वरून झाला आहे. बाकी वाचतोय.

बटणदाबू

गेमचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

एचडीएमआय २.० ची नळी १८ गिगाबिटची. ४के ६० फ्रेमपर्यंत ठीक. कन्सोलवरून ४के १२० हवं असेल, फ्रेमदर खालीवर होताना चित्र फाटू नये असं वाटत असेल, तर २.१ लागतं, त्याची कमाल ४८ गिगाबिट. पण नुसतं '२.१' हे लेबल बघून भुलू नका. किती गिगाबिट आणि किती पोर्टांना, हे विचारा. सहापैकी एकाच पोर्टाला असतं, बाकीचे जुनेच, असंही सापडतं.

मी हात पोळून घेतले आहेत. २०२० साली पहिल्या पिढीचे २.१ रिसीव्हर आले, मी लगेच धावलो. कन्सोल ४के १२० ला लावला की पडदा काळा. केबल तीन बदलल्या, टीव्हीला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की आतल्या चिपमध्येच खोट होती, आणि एकाच नाही, अनेक कंपन्यांच्या यंत्रांत तीच चिप. मला कंपनीने मधे लावायचा एक डबा पाठवला, तो एका पोर्टाला जोडून चाललं.

तर उलटा सल्ला. तुमच्या टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरने रिसीव्हरकडे परत पाठवणारी, साध्या आर्कहून मोठी वाट) आहे का? असेल तर कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि आवाज ई-आर्कने रिसीव्हरकडे आणा. मग रिसीव्हरचं एचडीएमआय कितव्या पिढीचं ह्याने काही अडत नाही. साध्या आर्कमधून ब्ल्यू-रेवरचं, काहीही न गमावता दाबलेलं ट्रूएचडी येत नाही, ई-आर्कमधून येतं. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) तर डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेलं असतं, ते टीव्हीने पुढे सोडलं तर साध्या आर्कनेही येतं. कॅसेटवाले काका म्हणतात ते सोयी शिळ्या होण्याचं दुखणं ह्या एका वायरने बरंच कमी होतं.

चौथा रिमोट

बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आभारी आहे.

टीव्हीला ई-आर्क आहे, आत्ताच मागे वाकून बघितलं, मानेत लचक भरली. म्हणजे मुलाच्या गेमसाठी 'ब' लागतोच असं नाही. आता पारडं परत 'अ'कडे झुकतंय का? आणि नऊ चॅनलचं मी करू काय? छताला स्पीकर लावायला घरचे तयार नाहीत. प्री-आउट म्हणजे नेमका काय फायदा?

सोल्डरवाला

छताला नाही तर नवातले जास्तीचे चॅनल रिकामे राहतील, त्याचे गुण देऊ नका. ॲटमॉस २०१४ पासून घरगुती रिसीव्हरांत आहे आणि वरचे दोन स्पीकर नीट बसवले तर मजा येतेच, पण समोरच्या स्पीकरवर ठेवून छतावर आवाज आपटवायचे जे डबे मिळतात ते छत सपाट आणि योग्य उंचीचं असेल तरच थोडंफार जमवतात. न लागणाऱ्या सोयींचे पैसे मोजू नयेत हे कॅसेटवाल्यांचं म्हणणं तिथे शंभर टक्के.

प्री-आउटचं वेगळं. ते म्हणजे ॲम्पच्या आधीचा कच्चा सिग्नल बाहेर. उद्या वाटलं की समोरच्या दोघांना ताकद कमी पडतेय, तर वेगळा पॉवर ॲम्प आणून तिथे जोडायचा. रिसीव्हर तोच राहतो, त्याचा वीजपुरवठाही उरलेल्या चॅनलांसाठी मोकळा होतो. म्हणजे 'ब'ला नंतर 'अ'ची ताकद देता येते. 'अ'ला 'ब'चं रूम करेक्शन नंतर देता येत नाही. (वेगळे डबे मिळतात, पण ती भानगड आणि खर्च दोन्ही मोठे.) मला तरी हा एकच मुद्दा निर्णायक वाटतो.

आणि काकांचा तो जुना ॲम्प असतो तसा तुमच्याकडेही एखादा पडून असेल, ज्यावर व्हॉल्यूमला वळसा घालणारं इनपुट असेल, तर तोही पॉवर ॲम्पसारखा वापरता येतो.

खर्जातला सा

आणि यंत्राच्या डोक्यावर जागा सोडा हो. बंद कपाटात कोंबून वर सेट-टॉप बॉक्स ठेवतात आणि मग बोर्ड गेला म्हणून रडतात. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. तुमचा आधीचा कुठे ठेवला होता?

चौथा रिमोट

...बंद कपाटात. वर सेट-टॉप बॉक्स. पुढचं बोलू नका.

चौथा रिमोट

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. 'ब' घेतला, पण त्याचा सात चॅनलवाला धाकटा भाऊ. रूम करेक्शन तेच, समोरच्या तिघांचे प्री-आउट आहेत. नऊ चॅनल सोडले, त्यात वाचलेल्या पैशांत तिपाई आणि मोठा स्टँड आला. रिसीव्हर आता उघड्यावर आहे, डोक्यावर वीतभर मोकळी जागा.

परवा रात्री सगळे झोपल्यावर मोजमाप केलं. पहिल्या फेरीत मायक्रोफोन लावल्या लावल्या यंत्राने सांगितलं की सब फार जोरात आहे. त्याच्या मागचं बटण पाऊणवर होतं, बारा वर्षं! निम्म्याच्या खाली आणलं तेव्हा पुढे गेलं. आठ जागी मायक्रोफोन हलवला. मग बघतो तर यंत्राने समोरचे स्पीकर 'मोठे' ठरवून पूर्ण खर्ज त्यांच्याकडेच दिलेला. ते बदलून 'लहान' केलं, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर. सुधारणा ४०० हर्ट्झच्या वर बंद केली, सा म्हणाले तसं.

फरक? सिनेमात तर आहेच, पण मला धक्का गाण्यात बसला. डग्ग्याचा घुमारा मी इतकी वर्षं एकच समजत होतो. भसाडा, खोलीभर पसरणारा. आता त्यात वेगवेगळे सूर आहेत. हात दाबत नेल्यावर सूर चढत जातो ते स्पष्ट कळतं. मग करेक्शन बंद करून बघितलं, परत तोच भसाडा. चार वेळा चालू-बंद केलं, रात्री दीड वाजता, एकटाच हसत.

तक्रारीही आहेत. ॲप हा प्रकार भयंकर आहे, दर तिसऱ्या वेळेला रिसीव्हर सापडत नाही म्हणतं. मेनू कोणी लिहिलाय देव जाणे. आणि कमी आवाजात खर्ज वाढवणारी ती सोय मालिकांना छान, पण गाण्यांना मागचे स्पीकर उगाच पुढे येतात. गाण्यासाठी बंद करून ठेवलीय.

एक शंका. सब माझ्यापासून ३.२ मीटरवर आहे, फितीने मोजला. यंत्र म्हणतं ५.९ मीटर. मोजमापात काही चुकलं का? दुरुस्त करून ३.२ टाकू?

खर्जातला सा

नको! हात लावू नका. यंत्र अंतर मोजत नाही, आवाज पोचायला लागलेला वेळ मोजतं आणि मीटरमध्ये दाखवतं. १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर. सबच्या पोटातलं सर्किट स्वतः सातआठ मिलिसेकंद खातं, तेच तुम्हाला जास्तीचे २.७ मीटर दिसतायत. ३.२ टाकलंत तर सब उशिराच वाजेल आणि ८० हर्ट्झच्या आसपास समोरच्यांशी भांडेल. ५.९ च बरोबर.

सोफा ओढलात का?

चौथा रिमोट

तीस सेंटिमीटर. त्याहून जास्त परवानगी नाही.

जुना कॅसेटवाला

भाचा येऊन गेला. सांगायचं नव्हतं, पण शब्द दिला होता.

माझा ॲम्प आणि त्याचा रिसीव्हर, स्पीकर माझेच. मल्टीमीटरने मेळ बसवला, रिसीव्हरची सगळी प्रोसेसिंग बंद. मी पाठ करून बसलो, भाचा नाणं उडवून वायरी बदलत होता. वीस फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत मी छाती ठोकून सांगितलं. सातव्या फेरीनंतर घाम फुटला. वीसपैकी अकरा बरोबर. नाणं उडवूनही तेवढेच आले असते.

मग भाच्याने रिसीव्हरचं रूम करेक्शन चालू केलं. ते मी वीसपैकी वीस ओळखलं असतं, मोजायचीही गरज पडली नाही.

पण ॲम्प विकणार नाही. त्या व्हॉल्यूमच्या बटणाचं वजन रिमोटला नाही.

सोल्डरवाला

काका, हे मोकळेपणाने लिहिलंत त्याला दंडवत. विकू नकाच. भाच्याच्या रिसीव्हरला प्री-आउट आहेत का ते विचारा.

जुना कॅसेटवाला

आहेत. विचारून झालंय.

चौथा रिमोट

वा! आता शेवटचं. चार रिमोटांचे दोन करायचेत. सीईसी (एचडीएमआयवरून एका यंत्राने बाकीची चालू-बंद करायची सोय) चालू केलं की टीव्ही बंद केल्यावर रिसीव्हर बंद होतो, पण मुलाचा कन्सोल आपोआप चालू होतो. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

बटणदाबू

वेगळा काढा. आणि दोनच रिमोट उरले तरी आयडी बदलू नका इतक्यात.